गाडीचे फॉग लाइट आणि पुन:पुन्हा उडणारा फ्यूज



पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप बदलते. उन्हाळ्यात फ्रीज, इन्व्हर्टर आणि वीजबिल यांची विचारणा असते. जून उजाडला की ओल्या भिंतीतील वायरिंग, शॉक देणारा गिझर, पाण्यात बसलेली मोटर असे विषय येऊ लागतात. या वेळी कोकणातील एका वाचक भगिनीने गाडीसंबंधी विचारले आहे. विषय पुरुष मंडळींचा समजला जातो, पण त्यांनी विचारलेली गोष्ट साऱ्या घराच्या सुरक्षेची आहे. म्हणून हे पूर्ण पान तिलाच देत आहोत.

या भगिनींच्या सासऱ्यांचे उपचार कोल्हापूरला सुरू आहेत. महिन्यातून दोनदा आंबा घाटातून जावे लागते आणि परतताना बहुतेक वेळा रात्र होते. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते. दिसायला बरे पडावे म्हणून त्यांच्या मुलाने गाडीच्या फॉग लाइटमधील मूळ ५५ वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे बसवले. तेव्हापासून फ्यूज तीन वेळा उडाला, त्यातला एकदा ऐन घाटात, सासरे मागच्या सीटवर झोपलेले असताना. गाडीचे काम करणाऱ्याने आता उपाय सांगितला आहे की १५ च्या जागी ३० चा फ्यूज टाका, पुन्हा उडणार नाही. मुलगा तयार आहे. आईचे मन मानत नाही, पण का मानत नाही ते तिला सांगता येत नाही. 'मी उगाच घाबरते आहे का?' असे त्या विचारतात.

नाही, भगिनी, तुम्ही उगाच घाबरत नाही. ३० चा फ्यूज टाकू देऊ नका. का, ते आता पाहू. शेवटपर्यंत वाचल्यावर हे पान मुलाच्याही हातात द्या, कारण त्याचा हेतू चांगलाच आहे. आजोबांना नीट घरी आणावे म्हणूनच त्याने हा खटाटोप केला.

फ्यूज कोणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटते की फ्यूज दिव्याला किंवा यंत्राला वाचवतो. फ्यूजचे पहिले काम तारेला वाचवणे हे आहे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जी तार जाते ती ठरावीक जाडीची असते. त्या जाडीला जेवढी विद्युतधारा सोसते, तेवढीच तिच्यातून जावी म्हणून वाटेत मुद्दाम एक कमकुवत जागा ठेवलेली असते. धारा मर्यादेबाहेर गेली की ती जागा वितळते, वाट बंद होते आणि तार वाचते. म्हणून गाडी बनवणारे इंजिनियर आधी दिवा ठरवतात, मग तार ठरवतात आणि तारेला शोभेल असा फ्यूज बसवतात. दिवा, तार, फ्यूज, स्विच आणि रिले यांचा मेळ बसवलेला असतो. आपण त्यातला एकच घटक बदलला की मेळ बिघडतो.

गाडीतील पाकळीच्या आकाराच्या फ्यूजवर आकडा छापलेला असतो आणि रंगही ठरलेला असतो. तपकिरी म्हणजे साडेसात अँपियर, लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०, रंगहीन २५ आणि हिरवा ३०. आकडा पुसट झाला तरी रंगावरून ओळखता यावे म्हणून ही सोय आहे. निळ्याच्या जागी हिरवा दिसला की कोणी तरी मेळ मोडला आहे, हे घरातील कोणालाही ओळखता येईल.

दहावीचा हिशेब

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ आहे. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना विद्युतधारा 'बर्की रौ' म्हणून आणि रोध 'मुजाहमत' म्हणून माहीत असतो. शब्द कोणताही असो, सूत्र एकच. विद्युत शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात.

मूळ दिवे ५५ वॅटचे दोन, म्हणजे ११० वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ११० भागिले १२ बरोबर सुमारे ९.२ अँपियर. फ्यूज १५ चा. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण हिश्शापेक्षा जास्त नसावा, असा साधा दंडक आहे. १५ चा पाऊण हिस्सा म्हणजे सव्वा अकरा. नऊ अँपियर त्यात आरामात बसतात.

आता १०० वॅटचे दोन दिवे लावा. २०० भागिले १२ म्हणजे १६.७ अँपियर. त्यातही इंजिन चालू असताना विभवांतर १२ वर राहत नाही, ते साडेतेरा ते चौदा व्होल्टच्या आसपास असते. त्यामुळे प्रत्यक्षात धारा १७-१८ अँपियरच्या घरात जाते. पंधराच्या फ्यूजला हा भार पेलणारा नाही. म्हणजे फ्यूजमध्ये दोष नाही, तो सांगितलेले काम इमाने इतबारे करतो आहे.

मग तो लगेच का उडत नाही?

इथेच बरेच लोक फसतात. दुकानासमोर दिवे लावून पाहिले तर सगळे ठीक असते. कारागीर म्हणतो, 'बघा, चालतंय ना!' आणि घाटात अर्ध्या-पाऊण तासाने अंधार होतो.

फ्यूज म्हणजे स्विच नव्हे, तो तापून वितळणारा धातूचा तुकडा आहे. तापायला वेळ लागतो. या पाकळीच्या फ्यूजची रचनाच अशी असते की छापील आकड्याच्या दहा टक्के जास्त धारा तो कित्येक तास सोसू शकतो. ३५ टक्के जास्त असेल तर दहा मिनिटांच्या आत जातो. दुप्पट असेल तर पाच सेकंदांच्या आत जातो. आपली १७-१८ अँपियरची धारा १५ च्या मानाने पंधरा-वीस टक्के जास्त आहे, म्हणजे बरोबर मधल्या संशयाच्या पट्ट्यात. तिथे फ्यूज कधी जाईल याचा नेम नसतो. घाट चढताना इंजिन तापलेले, बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये उष्णता कोंडलेली, दिवे बराच वेळ चालू. या सगळ्याची बेरीज होते आणि नेमक्या नको त्या वळणावर फ्यूज जातो. नशीब वाईट म्हणून तो घाटातच उडाला असे समजू नये. तो उडायचा तर तिथेच उडणार होता.

आणखी एक गोष्ट. हॅलोजन बल्बमधील तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या जवळजवळ एक दशांश असतो. त्यामुळे स्विच लावताक्षणी क्षणभर कितीतरी पट धारा खेचली जाते. समोरच्याला इशारा देण्यासाठी वारंवार दिवे चालू-बंद केले की फ्यूजला प्रत्येक वेळी तो धक्का बसतो. मर्यादेवर उभा असलेला फ्यूज अशा धक्क्यांनी लवकर थकतो. झेनॉनचे किट बसवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. ते किट चालू होताना पहिले काही सेकंद नेहमीपेक्षा बरीच जास्त धारा ओढते.

तीसचा फ्यूज टाकला तर

तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या. तिच्या एक मीटर लांबीचा रोध सुमारे ०.०१८ ओहम असतो. मूळ ९.२ अँपियरला दर मीटरमागे दीड वॅट उष्णता होते, ती हवेत सहज विरून जाते. १६.७ अँपियरला तीच पाच वॅट होते. आणि ३० अँपियरला सोळा वॅट. म्हणजे दीड मीटर तारेत साधारण २५ वॅट, घरी रेडिओ दुरुस्त करायच्या लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. तीही इतर तारांच्या जुडग्यात, टेप गुंडाळलेल्या नळीत कोंडलेली.

हिरवा फ्यूज टाकल्यावर रोज तीस अँपियर वाहतील असे नाही. दिवे आपले सतरा-अठराच घेतील. पण त्याने दोन गोष्टी होतात. पहिली, अठरा अँपियर आता बिनदिक्कत तासन्‌तास वाहतील. तार, दिव्याचा कपलर, रिलेचे पॉइंट हे सारे दर सफरीत थोडे थोडे भाजत राहतील. कपलर तपकिरी पडला, प्लास्टिक कडक होऊन तडकले, बल्ब काढताना होल्डरच हातात आला, अशा तक्रारी याच कारणाने येतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उद्या आवरण वितळून तार बॉडीला अर्धवट टेकली आणि पंचवीस-अठ्ठावीस अँपियर वाहू लागले, तर तीसचा फ्यूज ते पाहत बसेल. त्याच्या हिशेबाने सारे ठीक आहे. मग वितळण्याचे काम तार करील आणि तिच्या शेजारी प्लास्टिक, रबर आणि इंधनाच्या नळ्या आहेत.

फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तांब्याच्या तारेचा वेढा घालणारेही असतात. त्यांच्याबाबत वेगळे लिहायला नको. तीसचा फ्यूज निदान तीसनंतर जातो, तारेचा वेढा जातच नाही.

दोष शोधायचा कसा?

वरील घरी कारण उघड आहे. पण प्रत्येक वेळी तसे नसते. फॉग लाइट बदलल्यावर फ्यूज उडू लागला तर कारण जास्त भार असेल किंवा कुठे तरी तार शॉर्ट होत असेल. शॉर्ट म्हणजे पुस्तकातले लघुपरिपथन. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी निदान. ज्यांना वीजकामाची थोडी सवय आहे त्यांनी पुढील क्रमाने तपासावे. ज्यांना नाही त्यांनी निदान कारागिराने हा क्रम पाळला का, एवढे विचारावे.

पहिले काम, उडालेला फ्यूज टाकून देऊ नका. उजेडात धरून पाहा. आतील पट्टी मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर भार जास्त झाला. आत काळे डाग किंवा धातूचे शिंतोडे उडालेले असतील, तर एकदम मोठी धारा वाहिली, म्हणजे शॉर्ट आहे. एवढ्या लहानशा तुकड्यावरून अर्धे निदान होते.

दुसरे, फ्यूज केव्हा उडतो ते लिहून ठेवा. स्विच लावताक्षणी उडत असेल तर दोष स्विच किंवा रिलेच्या पुढे, दिव्यांकडे आहे. फॉग लाइट न लावताच उडत असेल तर दोष फ्यूज आणि रिले यांच्या मधल्या तारेत शोधावा. दहा-वीस मिनिटांनी उडत असेल तर भार जास्त. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर उडत असेल तर कपलरमध्ये पाणी. फक्त खड्ड्यात आदळल्यावर उडत असेल तर सैल तार कुठे तरी घासून बॉडीला टेकते आहे.

तिसरे, दोन्ही दिव्यांचे कपलर काढा. मूळ आकड्याचाच नवा फ्यूज लावा आणि स्विच चालू करा. फ्यूज उडाला तर दिवे निर्दोष, दोष वायरिंगमध्ये. टिकला तर आधी एक दिवा जोडून पाहा, मग तो काढून दुसरा. ज्याच्या जोडण्याने फ्यूज जातो तिथे दोष. दोन्ही वेगवेगळे चालतात आणि एकत्र लावल्यावर काही वेळाने फ्यूज जातो, तर तो भाराचा प्रश्न.

चौथे, वायरिंगमध्ये शॉर्ट असल्याचे दिसले तर एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. एक जुनी युक्ती आहे. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्या आणि त्याच्या दोन तारा फ्यूजच्या जागी, दोन खाचांत जोडा. दोन्ही फॉग लाइटचे कपलर काढलेलेच असू द्या, नाहीतर त्यांच्यामुळेही हा बल्ब पेटेल आणि गोंधळ होईल. आता स्विच लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, पण तारेतून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त धारा जाणार नाही. काही जळण्याची भीती नाही. मग वायरिंगचे जुडगे एकेका ठिकाणी हलवून पाहा. बंपर जिथे बोल्टने आवळला आहे ती जागा, हेडलाइटच्या मागची पट्टी, जिथे तार पत्र्याच्या भोकातून आत जाते ती रबरी बुशची जागा. जिथे हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा मिणमिणतो, तिथेच तार सोललेली आहे. त्याच फ्यूजवर गाडीतील दुसरे काही चालत असेल तर बल्ब मंद पेटू शकतो, हे लक्षात ठेवावे. पूर्ण तेज हीच शॉर्टची खूण.

पाचवे, मल्टिमीटरने तपासणार असाल तर आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढा. फ्यूजच्या दिव्याकडील खाचेपासून बॉडीपर्यंत रोध मोजा. इथेही दिव्यांचे कपलर काढलेले हवेत. थंड हॅलोजन बल्बचा रोध एक ओहमच्याही खाली असतो. तो जोडलेला असताना मीटर जवळजवळ शून्य दाखवते आणि नसलेला शॉर्ट दिसू लागतो. या एका गोष्टीमुळे अनेकांनी चांगले वायरिंग विनाकारण उघडले आहे.

सहावे, बॉडीचा अर्थ खराब असला की फ्यूज उडतो, असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळते. हॅलोजन दिव्यांच्या बाबतीत हे बरोबर नाही. अर्थ गंजला की वाटेतला रोध वाढतो, धारा कमी होते आणि दिवा मंद पेटतो. अर्थ साफ जरूर करावा, पण फ्यूजचे कारण तिथे शोधू नये.

दोन सूचना. बंपरच्या आतील भागात पिवळ्या आवरणातील किंवा पिवळ्या कपलरच्या तारा दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर मुळीच लावू नये. आणि हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत. बोटांच्या तेलकटपणामुळे काच एका जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

एलईडी बसवले तरी फ्यूज उडतो, तो का?

हॅलोजनच्या जागी एलईडी बसवणारे आता पुष्कळ आहेत. २५ वॅटचे दोन एलईडी मिळून ५० वॅट, म्हणजे जेमतेम सव्वाचार अँपियर. मूळ भाराच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा एलईडी बसवल्यावर फ्यूज उडत असेल तर भाराचा प्रश्नच येत नाही, सरळ शॉर्ट शोधायला लागावे. बंपर पुन्हा बसवताना तार बोल्टखाली चिरडली जाते. एलईडीचा मागचा पंखा किंवा ड्रायव्हरचा डबा मोकळा लोंबत ठेवला तर तो हादऱ्याने तार कापतो. मूळ कपलरची रबरी सील नव्या बल्बला नीट बसत नाही आणि रस्त्यावरचे पाणी आत शिरते. फॉग लाइट गाडीत सर्वांत खाली असतात, चिखलपाण्याचा पहिला मारा त्यांच्यावरच होतो.

एलईडीला धन आणि ऋण यांचा फरक कळतो, हॅलोजनला कळत नाही. उलट जोडल्यास बहुतेक एलईडी नुसते पेटत नाहीत. पण काहींच्या आत संरक्षक डायोड असा बसवलेला असतो की उलट जोडताच तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. म्हणून जोडणी आधी पडताळावी. डॅशबोर्डवरची 'बल्ब गेला' ही सूचना घालवण्यासाठी काही जण जोडीला रेझिस्टर लावतात. सहा ओहमचा एक रेझिस्टर दोन अँपियर ओढतो आणि २४ वॅटची उष्णता देतो. तो प्लास्टिकला किंवा तारांना चिकटवून बांधला की आवरण वितळणारच. लावायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवावा.

वेगळे वायरिंग करायचे असेल तर

जास्तीचे दिवे मूळ वायरिंगवर न टाकता रिले लावून वेगळी तार ओढणे ही योग्य पद्धत आहे. रिलेच्या चार पिनांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीच्या धन टर्मिनलपासून आलेली जाड तार, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ बॉडीच्या अर्थला आणि ८६ वर गाडीच्या मूळ फॉग स्विचची तार. आता मूळ स्विचमधून फक्त रिले चालवण्यापुरती, अर्ध्या अँपियरहूनही कमी धारा जाते आणि मोठा भार नवी जाड तार वाहते. या नव्या तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. पुष्कळ ठिकाणी तो दिव्याजवळ लावलेला दिसतो. तसे केले तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सारी तार बिनसंरक्षणाची राहते.

एवढे करूनही १०० वॅटचा सल्ला आम्ही देणार नाही. तार सुधारली तरी दिव्याचे घर, रिफ्लेक्टर आणि पुढची काच किंवा प्लास्टिक ५५ वॅटच्या उष्णतेसाठीच बनवलेले आहे. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. गाडीला आग लागली तर विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवू शकते, हेही लक्षात घ्यावे.

धुक्यात जास्त प्रकाश कामाला येतो का?

खरा प्रश्न इथे आहे. मुलाने बल्ब बदलला तो जास्त दिसावे म्हणून. जास्त दिसले का?

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. प्रत्येक थेंब प्रकाश चोहीकडे विखुरतो. आपण जितका प्रकाश समोर टाकू त्याचा मोठा हिस्सा परत आपल्याच डोळ्यांवर येतो. धुक्यात हाय बीम लावून पाहणाऱ्याला समोर पांढरी भिंत दिसते ती याचमुळे. फॉग लाइट खाली बसवतात, त्याचा झोत रुंद आणि वरून सपाट कापलेला असतो, तो या परतणाऱ्या प्रकाशापासून डोळे वाचावेत म्हणून. रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा जवळून दिसावा, एवढेच त्याचे काम. लांबचे दाखवणे हे त्याचे कामच नाही. वॅट दुप्पट केले की धुक्यातून परतणारा प्रकाशही दुप्पट होतो. हॅलोजनच्या घरात एलईडी घातला आणि त्याची चकती मूळ तारेच्या जागेवर नेमकी आली नाही, तर वरची सपाट कड बिघडते आणि झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. घाटातल्या वळणावर समोरचा ट्रकवाला क्षणभर आंधळा झाला, तर धोका त्याच्याइतकाच आपल्यालाही आहे.

पिवळा प्रकाश धुके भेदतो, असेही पुष्कळांना वाटते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळे असत. काही डोळ्यांना पिवळा प्रकाश सौम्य वाटतो, हे खरे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुके पांढरे दिसते ते त्यामुळेच.

मग उपाय? ५५ वॅटचे मूळ प्रकारचे चांगले बल्ब, निळा फ्यूज, काच आतून-बाहेरून स्वच्छ, झोत खाली बसवलेला, लो बीम चालू आणि वेग कमी. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १६-१७ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १३-१४ मीटर. म्हणजे तीस मीटर. धुक्यात पंधरा मीटरपुढचे दिसत नसेल तर कोणताही बल्ब हा हिशेब बदलू शकत नाही. वेग २० वर आणला की तेच अंतर बारा मीटरच्या आसपास येते.

मुलांशी बोलताना

ज्या भगिनीने विचारले त्यांना आणि अशा सर्व घरांना एक सुचवावेसे वाटते. मुलाला 'नको म्हटले ना' एवढेच सांगू नका. त्याच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवा आणि २०० भागिले १२ करायला लावा. ज्या जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये रोधाचा नियम पुस्तकात मांडला, तो कुलपे बनवणाऱ्याचा मुलगा होता आणि स्वतः शाळेत शिकवत असे. हे ज्ञान कारखान्यात जेवढे लागते तेवढेच घरातही लागते. आमच्या वर्गातून दहावी करून गॅरेजमध्ये गेलेली कितीतरी मुले आज उत्तम कारागीर आहेत. त्यांचा हात चालतो, डोळा तयार आहे. पण ग्राहक घाईत असतो आणि हिरवा फ्यूज टाकला की तो खूश होऊन जातो. ग्राहकाने 'फ्यूज का उडाला ते आधी शोधा' असे म्हटले आणि त्या वेळेची मजुरी खळखळ न करता दिली, तर कारागीरही शोधून देतो. चुकीच्या दुरुस्तीत अर्धा वाटा आपल्या घाईचा असतो.

या महिन्यात प्रत्येक गाडीवाल्या घराने एवढे करावे. फ्यूज बॉक्सचे झाकण उघडून त्यावरील तक्त्याशी प्रत्येक फ्यूजचा आकडा ताडून पाहावा. कुठे मोठा फ्यूज दिसला तर योग्य तो लावावा आणि जुनी दुरुस्ती कोणी, कशासाठी केली होती ते विचारावे. प्रत्येक आकड्याचे दोन जादा फ्यूज, एक लहान चिमटा आणि बॅटरी गाडीत ठेवावी. सफरीत फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा एकदाच बदलावा. तोही गेला तर फॉग लाइट बंद ठेवून, लो बीमवर, हळू घरी यावे किंवा घाटाखाली थांबून धुके विरळ होण्याची वाट पाहावी. तासभर उशीर झाला तर घरी फोन करता येतो.

आपले प्रश्न पाठवताना गाडी कोणत्या साली घेतली, फ्यूजचा आकडा, बल्बचे वॅट आणि फ्यूज नेमका केव्हा उडतो, एवढे जरूर लिहा. उत्तर देणे सोपे जाते. पुढील अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणते आणि किती घालावे याविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देऊ, इन्शाअल्लाह.

खुदा हाफिज.